दाखल्याच्या उंबरठ्यावर अडलेली लेकरे

जळगाव शहराच्या कडेला असलेल्या मेहरूणचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथल्या बोरांमुळे. जळगाव जिल्ह्याच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कोणते पीक कोणत्या मातीतले, याची शासनदरबारी रीतसर नोंद झाली आणि ते योग्यच झाले. परंतु याच मातीत जन्मलेल्या काही लेकरांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात आणि दरवर्षी या लेकरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : तू कोण, कुठला, याचा पुरावा काय?

ही लेकरे परदेशातून आलेली नाहीत. ती भटक्या-विमुक्त समाजातील आहेत. मेहरूणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या लाडवंजारी कुटुंबांचे उदाहरण घेतले, तर वंजारी समाजही शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीतच येतो. परंतु ज्यांना घर मिळाले, शेत मिळाले, ज्यांच्या आजोबांचे नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात चढले, त्यांच्या हाती कागद आला आणि कागदाच्या आधाराने शिक्षणही आले. त्याच यादीतील जो गोसावी, नाथजोगी, मसणजोगी वा वैदू आजही पालात राहतो, त्याला ना सातबारा आहे, ना घराचा उतारा. यादी एक, सवलती त्याच. पण एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला कुलूप. हा फरक बुद्धीचा नाही, गुणवत्तेचा नाही. तो केवळ कागदाचा आहे.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना मिळून ११ टक्के आरक्षण आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासनाने काही केले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु या प्रत्येक योजनेच्या दारात कागदांची रांग उभी असते. जातीचे प्रमाणपत्र, जातवैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, आधारशी जोडलेले बँक खाते. यातील एक कडी तुटली की सारी साखळी निसटते. जातवैधता मुदतीत आली नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि संपूर्ण शुल्क भरण्याची वेळ येते. मोलमजुरी करणाऱ्या किंवा भिक्षा मागून पोट भरणाऱ्या बापाला ते शुल्क भरणे शक्य नसते. मग गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी जाते आणि मुलगा बापाच्या मागे कामाला जातो. मुलगी असेल, तर तिचे लग्न ठरते.

अडचणीचे मूळ एका तारखेत आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख ठरलेली आहे. त्या दिवशी वा त्यापूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि अमुक जातीचे होते, हे अर्जदाराने दाखवायचे आहे. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा किंवा कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद हवी. ज्याचा पणजोबा गाढवावर संसार लादून या गावाहून त्या गावाला जात होता, ज्याला गावकीने तीन रात्रींहून अधिक मुक्काम करू दिला नाही, त्याने शाळेचा दाखला कोठून आणावा? २००० सालच्या जातप्रमाणपत्रविषयक कायद्याने पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. स्थिर समाजासाठी ती रास्त असेल. अस्थिर समाजासाठी ती अशक्य आहे.

आणि येथेच इतिहासाची विटंबना आहे. या समाजाची नोंद कधीच कोणी ठेवली नाही, असे मुळीच नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावे रजिस्टरात लिहिली, बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण घातले. गुन्हेगार म्हणून नोंदवायचे होते तेव्हा सरकारला त्यांचे नाव, जात, गाव सारे सापडत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. मात्र विद्यार्थी म्हणून त्यांच्या नातवंडाची नोंद करायची वेळ आली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या दप्तराला त्यांची ओळख पटेनाशी झाली. परकीय सत्तेने दिलेला कलंक कागदावर होता. स्वकीय सत्तेने दिलेला हक्क मात्र कागदाअभावी अडला आहे.

शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ साली, एक शहाणपणाची तरतूद केली. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण त्या कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. अमेरिकेतही असाच प्रकार दिसतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना शाळेचे दार उघडले. महाविद्यालयासाठीचे केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मात्र अशा मुलांना आजही मिळत नाही. पण तुलना येथेच संपते. तेथील प्रश्न सीमा ओलांडून आलेल्यांचा आहे. आपल्याकडे ज्यांना कागद मागितला जातो, ते याच भूमीचे पुत्र आहेत. जात्यांना टाकी लावणारे, जडीबुटी देणारे, दारोदारी देवाची गाणी गाणारे हे लोक गावगाड्याच्या कडेला राहूनही गावाचाच भाग होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पुराव्याची अट सैल केली तर बोगस दाखल्यांचे पीक येईल, असे म्हटले जाते. खोट्या दाखल्यांनी खऱ्या वंचितांच्या जागा बळकावल्या गेल्या, हे सत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये अशा दाखल्यांवर मिळवलेला प्रवेश वा नोकरी टिकणार नाही, असा निर्णय दिला, तो स्वागतार्हच होता. विलंबाने होणाऱ्या जन्मनोंदींतील गैरप्रकार पाहून राज्य शासनाने २०२५ साली ती प्रक्रिया कडक केली, तेही आवश्यक होते. परंतु चाळणी कडक करताना एक भान राखले पाहिजे. लबाड माणूस कागद तयार करून घेतो. कागद नसतो तो प्रामाणिक माणसाकडेच. म्हणून अट सैल करणे हा उपाय नाही. पुरावा शोधण्याचे ओझे योग्य खांद्यावर देणे हा उपाय आहे.

हे ओझे शासनाने उचलले पाहिजे. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाला शालेय चौकशी आणि गृहचौकशी करण्याचा अधिकार नियमांनीच दिलेला आहे. ही चौकशी बारावीनंतर, प्रवेशाच्या धावपळीत का व्हावी? मूल आठवी-नववीत असतानाच आश्रमशाळेत आणि पालावर जाऊन ती पूर्ण करता येईल. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील एकाला वैधता मिळाली की साऱ्या भावकीची वाट सुकर होते. म्हणजे प्रत्येक कुटुंबात पहिला दाखलाच काय तो कठीण आहे. तो पहिला दाखला शासनाने शोधून द्यावा. भिकूजी ऊर्फ दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने अडीचशेहून अधिक जमाती अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच सूचीत नसल्याचे दाखवून दिले. केंद्राने २०२२ साली या समाजासाठी पाच वर्षांची, २०० कोटी रुपयांची ‘सीड’ योजना आणली. पण अनेक राज्यांत विमुक्त-भटक्यांचे प्रमाणपत्रच मिळत नसल्याने तिचा लाभ फारच थोड्यांपर्यंत पोहोचला. निधी आहे, इच्छा आहे. अडले आहे ते दाखल्यापाशी.

मात्र सारे काही शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत १९९३ साली पारधी मुलांसाठी काम उभे राहिले, ते शासकीय आदेशाने नव्हे. गिरीश प्रभुणे यांच्यासारखे कार्यकर्ते पालावर गेले, तेथे जेवले, राहिले आणि मुलांना शाळेपर्यंत घेऊन आले. आज त्या कामाचा पुढचा टप्पा शाळेपासून महाविद्यालयापर्यंतचा आहे. त्याला फार मोठा निधी लागत नाही. लागतो तो चिकाटीने पाठपुरावा करणारा माणूस.

जळगाव आणि धुळ्यातील शिक्षित कुटुंबांत निवृत्त तलाठी आहेत, मुख्याध्यापक आहेत, वकील आहेत. जुन्या शाळेचे रजिस्टर कसे धुंडाळावे, मोडीतील नोंद कोणाकडून वाचून घ्यावी, वंशावळीचे शपथपत्र कसे लिहावे, प्रांत कार्यालयात त्रुटी निघाली तर ती कशी पूर्ण करावी, हे त्यांना ठाऊक आहे. असा एक जाणकार एका पालाशी जोडला गेला आणि त्याने दोन वर्षे एका कुटुंबाची फाइल सोडली नाही, तरी त्या भावकीतील पुढची सारी मुले कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पायऱ्या हक्काने चढतील.

समरसता हा शब्द व्यासपीठावर उच्चारणे सोपे आहे. त्याची खरी परीक्षा तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशी होते. तेथे आपल्याच समाजाचे एक लेकरू हातात गुणपत्रिका घेऊन उभे आहे आणि ‘हा आमचा आहे’ असे सांगणारा कागद त्याच्याजवळ नाही. तो कागद मिळेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहणे, हे आपले कर्तव्य आहे.