भांगेतली तुळस

हैदराबादच्या एखाद्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात सकाळी सातला जाऊन उभे राहा. नांदेड, देगलूर, उदगीर, किनवट, आदिलाबाद या बाजूंनी रात्रभर प्रवास करून आलेली मराठी माणसे सतरंज्या टाकून बसलेली दिसतील. १९५६ साली मराठवाडा हैदराबादपासून तुटला. पण घरात मोठे दुखणे निघाले की सीमेवरच्या माणसाची पावले आजही याच शहराकडे वळतात.

परवा तिथेच देगलूरकडची एक बाई भेटली. मांडीवर सहा वर्षांचा मुलगा, शेजारी स्टीलचा डबा. डब्यात भाकरी असेल असे वाटले, निघाले चिंचोके. 'दिवसातून किती झटके येतात ते मोजून ठेवा,' असे डॉक्टरांनी सांगितलेले. बाईला लिहिता येत नाही, म्हणून झटक्यामागे एक चिंचोका. तीन औषधे बदलून झाली, डबा काही हलका होत नाही. पदराच्या गाठीतून तिने एक चिटोरे काढले. भाच्याने मोबाइलवर बघून कुठल्याशा तेलाचे नाव लिहून दिले होते. "भाऊ, ह्ये गांजाचं त्याल हाय म्हनत्यात. पोलीस धरतील का वो?"

तिने आम्हाला विचारले. आम्ही तेलंगणाच्या सचिवालयाला विचारतो.

उत्तर कायद्याच्या पुस्तकात चाळीस वर्षे छापलेले आहे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा सगळ्यांना पाठ आहे तो शिक्षेपुरता: किलोभर गांजा सापडला तर वर्षभरापर्यंत तुरुंग, वीस किलोच्या वर गेला की दहा ते वीस वर्षे. पण त्याच कायद्याचे आठवे कलम बंदी घालता घालता वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाला वाट मोकळी ठेवते. आणि दहावे कलम तर चरस वगळून गांजाची लागवड, निर्मिती, वाहतूक, विक्री आणि वापर यांना परवानगी देण्याचा, त्याचे नियम करण्याचा अधिकार सरळ राज्य सरकारच्या हाती ठेवते. दिल्लीच्या नव्हे, राज्याच्या! बंगळुरूच्या 'ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट'ने २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका नेली, तेव्हा केंद्रानेही हेच सांगितले की सरसकट बंदी नाहीच, औषधासाठी परवानगी राज्ये देऊ शकतात. म्हणजे किल्ली राज्याच्या कमरेला आणि राज्य दारात उभे राहून ओरडते आहे की कुलूप दिल्लीचे!

गंमत पुढेच आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा; नुसते पान आणि बी त्यात येत नाही. त्यामुळे पानापासून केलेली 'विजया' आयुर्वेदाच्या परवान्यावर घरपोच मिळते, बियांना तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्याच झाडाच्या फुलातले औषध मात्र शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासून, मोजून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचे म्हटले की सरकारला घाम फुटतो. पान चालते, फूल चालत नाही, आणि त्या दोहोंमधला फरक समजून घेण्याची जबाबदारी कोणाची, तर जिला अक्षर येत नाही त्या देगलूरच्या बाईची!

तेही कुठे, तर हैदराबादेत. वेदनेला प्रश्न विचारायला हे शहर कधीकाळी शिकले होते. क्लोरोफॉर्मची भूल कितपत निर्धोक, हे तपासायला १८८८ साली निजामाच्या पैशातून इथे क्लोरोफॉर्म कमिशन बसले. वर्षभराने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आपला माणूस, लॉडर ब्रंटन, इंग्लंडहून इथे धाडला. रूपाबाई फर्दूनजी याच शहरात भूल द्यायला शिकल्या. जगातल्या पहिल्यावहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. कमिशनचा कर्ता सर्जन एडवर्ड लॉरी याचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, हे आम्ही लपवत नाही. क्लोरोफॉर्म हृदयाला त्याला वाटला तितका निर्धोक नव्हता. पण चूक सापडली ती प्रयोग झाला म्हणून. आज चुकायचीही कोणाची तयारी नाही, कारण प्रयोगाला हातच घालायचा नाही! ज्या शहरातल्या कारखान्यांची औषधे सात समुद्रापार जातात, त्याच शहरात हे एक झाड तपासायचे म्हटले की सगळ्यांची दातखीळ बसते.

आणि जगाने काय केले? १९८५च्या मे महिन्यात अमेरिकेने केमोथेरपीच्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉल मंजूर केले. गांजातले मुख्य द्रव्य, फक्त प्रयोगशाळेत बनवलेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपला कायदा अमलात आला. ज्या देशाने साऱ्या दुनियेला बंदीचा धडा घोकायला लावला, त्याने आपल्या रुग्णाची सोय आधी करून घेतली. आम्ही धडा तेवढा घोकत बसलो. १९९६ साली कॅलिफोर्नियात एड्स-कॅन्सरच्या रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सह्या गोळा करून औषधी गांजाचा प्रश्न थेट मतपेटीत नेला आणि जिंकला. २०१८ साली लहान मुलांच्या दोन चिवट अपस्मारांवर याच झाडातून काढलेले एपिडायोलेक्स आले. तेव्हाची किंमत वर्षाला ३२,५०० डॉलरच्या घरात. चिंचोके मोजणाऱ्या बाईने हा आकडा कशाने मोजावा? २०२० साली व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून बाहेर काढले. त्या २७ हातांत एक हात भारताचा होता. परदेशात हात वर करायचा आणि घरी येऊन तो खिशात घालायचा, याला धोरण म्हणत नाहीत.

अडाणी बंदीने काय होते हे आम्ही मॉर्फिनच्या बाबतीत पाहिले आहे. अफू सरकारी परवान्याने आपल्याच शेतात पिकते. तरी १९८५नंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. परवान्यांच्या जंजाळापायी औषध दुकानदारांनी बाटली ठेवणेच सोडले आणि कर्करोगाची माणसे दातांनी उशी फाडत मेली. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे उंबरे झिजवले, तेव्हा २०१४ साली कुठे संसदेने कायदा सुधारला. इथे रेड हिल्सच्या एमएनजे कर्करोग संस्थेत वेदनाशमनाचा विभाग उभा राहिला, तेलंगणाच्या जिल्ह्यांत उपशामक सेवा केंद्रे निघाली. म्हणजे हे राज्य ठरवले तर करू शकते. म्हणूनच आम्ही चिडलो आहोत. नालायकाकडे कोण मागणी करतो?

आता 'गांजा' म्हटले की ज्यांच्या भुवया चढतात त्यांच्यासाठी. आम्ही चिलमीची वकिली करत नाही. धूलपेटच्या गल्लीत शाळकरी पोराच्या हातात पुडी ठेवणाऱ्याला पकडा, बेड्या घाला. राज्याने अमली पदार्थविरोधी ब्युरो काढला, २०२५ साली त्याचे 'ईगल' असे नवे बारसे केले. त्या गरुडाला खुशाल झेपावू दे. कोवळ्या वयात गांजाने डोके बिघडते, हे डॉक्टर सांगतात आणि आम्ही मानतो. पण चोरासाठी लावलेली कडी आजाऱ्यालाही बाहेर ठेवते, त्याचे काय?

दुसऱ्या बाजूलाही आमचा एक कोरडा. गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो असे सांगून बाटल्या विकणारे जे भोंदू माजले आहेत, ते औषधी गांजाच्या चळवळीचे सर्वांत मोठे वैरी आहेत. केमोची मळमळ, काही अपस्मार, मज्जारज्जूच्या विकारातला ताठरपणा, काही जुनाट वेदना: आजचा पुरावा एवढ्यापुरताच बोलतो. आणि सरकार गप्प बसले की असल्या भोंदूंची दुकाने अधिकच जोरात चालतात.

दुसरी राज्ये हलली. उत्तराखंडने २०१८ साली नशा नसलेल्या औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचलने मंत्री जगतसिंह नेगी यांची समिती गावोगाव फिरवली, २०२४च्या सप्टेंबरात विधानसभेत ठराव केला आणि पुढच्या जानेवारीत दोन विद्यापीठांवर प्रायोगिक अभ्यास सोपवला. आमच्या महाराष्ट्रात काय झाले? २०२१ साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून वैतागून गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. बातमी छापून आली, लोक हसले, संपले. इकडे कापसात आणि तुरीत लपवलेली झाडे पोलीस उपटतच असतात. उपटण्याचा पंचनामा होतो, तपासण्याचा होत नाही.

तेलंगणाने दहाव्या कलमाखाली नियम करावेत. लागवड सरकारी कृषी विद्यापीठाच्या कुंपणाआड होऊ दे, अर्क सरकारी प्रयोगशाळेत तपासला जाऊ दे, आणि चाचणी एखाद्या सरकारी इस्पितळातल्या झटक्यांच्या आणि केमोच्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने. निकाल उलटा आला तर तो पहिल्या पानावर आम्ही छापू.

यासाठी क्रांती नको. तेलंगणाच्या विधानसभेत ११९ आमदार आहेत, ठराव मांडायला एक पुरतो. आदिलाबाद, निर्मल, निजामाबादकडच्या मराठी मतदारांनो, पुढच्या वेळी मते मागायला जो दारात येईल त्याला चहा पाजा आणि दहावे कलम वाचले आहे का, ते विचारा.