पोट बाईचं, होकार कुणाचा?

पिशवी काढायची असते बाईची आणि डॉक्टर बोलतात तिच्या नवऱ्याशी. ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली असते, बरं का! ‘यांना फार सांगू नका, उगीच घाबरतील.’ घाबरतील? दशलक्षणात दहा-दहा उपास काढणाऱ्या बायका या!

मग फॉर्म येतो. आमच्या बेळगावकडे तो इंग्रजीत, नाहीतर कन्नडात. बाईला वाचता येते मराठी. नर्स बोट ठेवते, ‘इथं सही करा.’ बाई नवऱ्याकडे बघते, तो मान हलवतो. झाली संमती.

ही संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालावरून स्पष्ट आहे. दिल्लीची एक अविवाहित बाई, वय ४४. तिचा होकार होता दुर्बिणीच्या तपासणीपुरता. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशयं काढून टाकली. न्यायालय म्हणालं, रोगी सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईचा होकार चालणार नाही. उपाय कोणता, त्यात धोका काय, दुसरा मार्ग आहे का, काहीच केलं नाही तर काय होईल, हे कळल्यावर दिलेला होकार तोच खरा. भरपाई किती, तर २५ हजार! असो.

त्या आईनं मुलीच्या भल्यासाठीच ‘हो’ म्हटलं असेल. आपल्या घरांतही सगळं भल्यासाठीच चालतं, म्हणून तर कुणाला काही खटकत नाही.

आणि न विचारण्यानं डॉक्टरांचं तरी काय साधतं? सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बाईला ते लिहून देतात, ‘रात्री जेवणानंतर एक गोळी.’ ती ‘हो’ म्हणते आणि गोळी डबीतच राहते. कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचं असतं, हे ज्या बाईला ठाऊक आहे ती तेही गिळत नाही. महिन्यानं ऐकायला मिळतं, ‘बायका ऐकतच नाहीत.’ तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कधी जेवता म्हणून? बाहेर रांग असते, मान्य. पण हा प्रश्न विचारायला असा कितीसा वेळ लागतो?

तेव्हा बायांनो, पेन हातात घेण्याआधी म्हणा, ‘हे मराठीत वाचून दाखवा. अंडाशयं ठेवणार की काढणार? ऑपरेशनशिवाय औषधानं भागेल का?’ आणि तेवढा वेळ घरच्यांना चहाला पाठवून द्या.