इअरफोन कानाच्या मापाचा हवा

चप्पल घेताना माणूस दुकानात चार पावले चालून पाहतो. इअरफोन घेताना मात्र किंमत किती, बॅटरी किती तास चालते आणि 'बास' किती दणकेबाज आहे, एवढीच चौकशी होते. तो कानात नीट बसतो का, हे ना गिऱ्हाईक विचारते, ना दुकानदार. मग अर्ध्या तासात कान ठणकू लागला की 'याचा कानच नाजूक' म्हणून विषय संपवला जातो. पुष्कळदा दोष कानाचा नसतो, मापाचा असतो.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि थोडी वळणदार असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचिक. आतला भाग हाडाचा आणि त्यावरची त्वचा अगदी पातळ. इअरफोनचे टोक मोठे असेल किंवा फार आत गेले, तर ही त्वचा दाबली जाते आणि दुखते. नळीची रुंदी माणसागणिक वेगळी असतेच, एकाच माणसाचे डावे-उजवे कानही सारखे असतील असे नाही. काहींना कानात काही शिरताच खोकल्याची ढास लागते. कारण या नळीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची शाखा पोहोचलेली असते. हे नखरे नाहीत, शरीराची रचना आहे.

माप चुकल्याचा दुसरा तोटा दुखण्यापेक्षा मोठा आहे. किल्लारीहून शिकवणीसाठी लातूरला एसटीने ये-जा करणारा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. इअरफोन कानात सैल बसला की फटीतून खर्जाचा आवाज निसटतो आणि बसची घरघर आत येते. मास्तरांचे व्याख्यान ऐकू यावे म्हणून तो आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मुभा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्यात जेमतेम २० मिनिटे उरतात. मुलांसाठी तर ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच आहे. आतल्या कानातील संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे घट्ट इअरफोन आज दुखतो आणि सैल इअरफोन उद्या बहिरेपणाकडे नेऊ शकतो. पहिला निदान लगेच सांगतो तरी. दुसरा गुपचूप काम करतो.

म्हणून निवड टोकापासून सुरू व्हावी. इअरफोनबरोबर बहुधा लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोके येतात. अनेक घरांत बसवून आलेली जोडी तशीच राहते आणि बाकीची डबीतच पडून असतात. लहानापासून सुरुवात करून तिन्ही बसवून पाहावीत. दोन कानांना दोन मापे लागली तरी त्यात गैर काही नाही. बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. टोक नीट बसले की स्वतःचे बोलणे घुमल्यासारखे वाटते आणि कमी आवाजातही शब्द स्पष्ट येतात. दाब जाणवला तर माप मोठे. मान हलवताच निसटले तर लहान. सिलिकॉनचे टोक साबणाच्या पाण्याने धुता येते. फोमचे टोक मऊ असते आणि दाब सारखा पसरवते. पण घाम धरून ठेवते आणि वरचेवर बदलावे लागते.

सगळ्यांनाच कानात शिरणारा इअरफोन मानवेल असे नाही. शांत घरात अभ्यासासाठी कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा प्रकार किंवा कान झाकणारा मोठा हेडफोन बरा. कान फुटला असेल, वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा नळीत इसब असेल, तर कानात टोक घालूच नये. मधुमेह असलेल्यांनी कानदुखी अंगावर काढू नये; त्यांच्यात साधा जंतुसंसर्गही चिघळू शकतो. कान खाजला की कोमट तेल सोडायचे किंवा काडी फिरवायची ही घराघरांतली सवयही सोडायला हवी. ओल, मळ आणि वरून बंद केलेले तोंड म्हणजे बुरशीला आयते घर. कानातला मळ सहसा आपोआप बाहेर येतो. इअरफोनचे टोक उलट त्याला आत ढकलते.

इअरफोन घालून झोपण्याचे खूळ मात्र कोणत्याही मापाने सुरक्षित होत नाही. कुशीवर वळले की उशी तेच टोक नळीत दाबते, आणि आवाज रात्रभर चालूच राहतो. किल्लारीत याला आणखी एक अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून गाव झोपले होते. माणसे गेली ती दगडमातीच्या जड घरांखाली. ऐकू आले असते तर वाचली असती, असे म्हणता येणार नाही. पण लातूर जिल्ह्यात जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या अजून येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत लोक अशाच आवाजांनी धास्तावले होते. अशा वेळी घरच्यांची हाक ऐकू यावी, एवढे तरी कान मोकळे असावेत. आजी रात्री नातवाच्या कानातले काढून ठेवायला सांगत असेल, तर त्याला जुन्या माणसांची कुरकुर म्हणून उडवून लावू नये.

पालक मुलाला इअरफोन घेऊन देतात तेव्हा वॉरंटी तपासतात. त्याच वेळी दुकानात बसूनच तिन्ही टोकांची मापे पाहावीत आणि फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधून द्यावी. दर तासाला दहा मिनिटे कान उघडे ठेवण्याचा नियम शिकवणीवर्गांनीही घालून द्यायला हरकत नाही. बास किती दणकेबाज आहे हे शेजाऱ्याला सांगता येते. कान दुखला नाही, हे फक्त कानालाच कळते. इअरफोन घेताना त्यालाच आधी विचारावे.