छत्तीसगडचं चलान, सौंदडची गाडी : दंड न भरता गप्प बसलं तर काय होतं?

सौंदडहून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की कोहमारा, देवरी आणि मग राज्याची सीमा. पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर. नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरीचं दर्शन, रायपूरचा दवाखाना, सोयरीक, तांदळाचा नाहीतर भाजीपाल्याचा माल, या ना त्या कारणाने गोंदिया जिल्ह्यातल्या 'एमएच ३५' पाटीच्या गाड्या तिकडे जातच असतात. परतल्यावर काही दिवसांनी मोबाइल वाजतो : वेगमर्यादा ओलांडली, दंड भरा. घरात लगेच निकाल लागतो, "तिकडचा दंड आहे, इकडे कोण विचारतो?"

हा समज एके काळी बऱ्यापैकी खरा होता. पावती कागदाची, नोंद त्या ठाण्याच्या वहीत आणि वही त्या राज्यात. आता तसं राहिलेलं नाही.

कायदा एकच, नोंदही एकच

अमेरिकेत वाहतुकीचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. परराज्यातला गुन्हा चालकाच्या घरच्या राज्याला कळावा म्हणून तिथे १९६० च्या दशकापासून 'ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट' नावाचा राज्याराज्यांतला करार करावा लागला. भारतात तशी गरजच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ हा केंद्राचा कायदा आहे आणि तो देवरीच्या अलीकडे लागू आहे तसाच पलीकडेही. गाड्यांची नोंद 'वाहन' प्रणालीत, लायसन्सची 'सारथी'त. ई-चलान कापलं जातं ते गाडीच्या नंबरावर. कॅमेरा छत्तीसगडचा असला तरी नंबर गोंदियाचा आहे, आणि आरटीओचं काम त्या नंबरावरच चालतं.

वेगासाठीचं कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कार, पिकअपसारख्या हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. हाच गुन्हा पुन्हा घडला तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. ती फारशा लोकांना माहीत नसते.

पैसे कुठे अडकतात?

दंडासाठी रायपूरचे पोलीस सौंदडला येत नाहीत, हे खरं आहे. पण त्यांना यावं लागतच नाही. गाडी विकायची, दुसऱ्याच्या नावावर करायची, कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा उतरवायचा, एनओसी घ्यायची, अशा कामांसाठी मालक आरटीओत जातो, तेव्हा थकलेलं चलान समोर येतं आणि अर्ज तिथेच थांबतो. ठरलेलं गिऱ्हाईक मग ताटकळतं, नाहीतर हातचं जातं.

खासगी कारवाल्याचं यात फार तर चार दिवसांचं नुकसान होतं. खरा फटका बसतो तो मालवाहू गाडीच्या मालकाला. त्याची गाडी पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. धान निघालेलं आहे, भाडी मिळताहेत आणि नेमकं तेव्हा पासिंग अडलं, तर उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही. दोन हजार वाचवायला गेलेला माणूस एका आठवड्यात त्याच्या कितीतरी पट गमावतो. त्यातून फिटनेस नसलेली गाडी रस्त्यावर काढली तर तो आणखी एक गुन्हा.

दुसरीकडे चलान कोर्टाच्या वाटेने पुढे सरकत असतं. अनेक राज्यांत ही प्रकरणं व्हर्च्युअल कोर्टात जातात. महाराष्ट्राचं असं कोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये काटोलला सुरू झालं. तिथे दोनच पर्याय असतात : दंड ऑनलाइन भरा किंवा गुन्हा अमान्य करा. अमान्य केलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. कशालाच उत्तर दिलं नाही तर समन्स आणि पुढे वॉरंटपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

एक पळवाट व्हॉट्सअॅपवर सारखी फिरते : "सहा महिने झाले की चलान रद्द." त्यात अर्धंच सत्य आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घेण्याची मुदत सहा महिने आहे, हे बरोबर. पण प्रकरण त्याआधीच कोर्टात दाखल झालं असेल तर हा मुद्दा संपतो. झालं नसेल तरी तो योग्य ठिकाणी मांडावा लागतो, पोर्टलवरची नोंद आपोआप पुसली जात नाही.

मग निमूटपणे भरायचंच का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ हा ऑगस्ट २०२१ चा नियम वाहनमालकाने वाचून ठेवावा असा आहे. वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. यंत्र बसवलेल्या पट्ट्यात चालकाला दिसेल असा सूचनाफलक हवा. चलानासोबत फोटो, ठिकाण, तारीख, वेळ हवी आणि नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. ज्या १३२ शहरांमध्ये अशी यंत्रं लावायला याच नियमाने सांगितलं, त्यांत याच महामार्गावरची दुर्ग-भिलाई आणि रायपूर आहेत.

म्हणून आधी फोटो उघडून पाहावा. नंबर आपलाच आहे का? गाडी आपलीच आहे का? ३ चा ८ वाचला गेला किंवा कुणी बनावट पाटी लावून फिरत असेल, तर परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. गाडी विकलेली असून नावावर करायची राहिली असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्येच घेतली आहे. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं, पण चलानाचा मेसेजही नोंदीतल्या नावालाच येतो.

व्यवस्थेची खरी खोट इथेच आहे. हजार रुपयांच्या चुकीच्या चलानाविरुद्ध लढायला सौंदडच्या माणसाने दोनशे किलोमीटरवरच्या कोर्टात जायचं, तर दंड भरणंच स्वस्त पडतं. गोंदियाच्या लोक अदालतीत छत्तीसगडचं चलान निकाली निघत नाही. वसुली राज्याची सीमा ओलांडून येते, मग सुनावणीने का येऊ नये? व्हिडीओ कॉन्फरन्सिंगची सोय जिल्हा न्यायालयांत आता आहे. परराज्यातल्या चलानाची हरकत तिथूनच ऐकली गेली पाहिजे. तोवर गप्प बसणाऱ्याला दोन्हीकडून तोटा : दंड माफ होत नाही आणि बाजूही मांडली जात नाही.

वेगाचा मुद्दा क्षुल्लक नाही, हेही खरं. केंद्राच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगामुळे होते. हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे : ८० ऐवजी १०० च्या वेगाने ब्रेक दाबला तर गाडी थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं.

चलान आलं की आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. चलानाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवून फोन आणि बँक खातं साफ करणाऱ्या टोळ्या सक्रिय आहेत. सरकार चलान म्हणून एपीके पाठवत नाही. मेसेजमधली लिंक न दाबता परिवहनचं संकेतस्थळ स्वतः उघडावं, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना ते पाहावं आणि गाडीचा नंबर टाकावा. तिथेच आरसीला जोडलेला मोबाइल नंबरही तपासता येतो. तो जुना, बंद पडलेला सिमचा असेल, तर चलान निघाल्याचं मालकाला पासिंगच्या दिवशीच कळतं.