चिठ्ठी फाटकापर्यंत, पुढे हुन्नर



या पानावर मी नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. आपल्या घरोघरी मुले-मुली कॉलेजात शिकत आहेत. त्यांच्या नोकरीची तयारी कशी चालली आहे, याविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. मते माझी व्यक्तिगत आहेत. पटली तर घ्यावीत.

आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. गट ऑफिसात गर्दी होती. नोंद होऊनही एक जुने सभासद उठेनात. बाकीचे पांगल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, थोरलं पोरगं बी.ए. झालंय. कारखान्यात कुठंतरी चिकटवा की. तुमचा शब्द खाली पडायचा नाही."

हे त्यांचे प्रेम. खरे सांगायचे तर माझा शब्द उसाच्या नोंदीपलीकडे फारसा जात नाही. अर्ज उघडला. टाईप केलेला, भाषा घोटीव. 'मी होतकरू व कष्टाळू असून मिळेल ते काम करण्यास तयार आहे.' हे वाक्य त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा वाचत होतो. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मजकूर तयारच असतो. नाव-गाव बदलले की झाला अर्ज. या अर्जात तर गाव बदलायचेच राहिले होते. आबांचा मुलगा शेजारच्या गावचा रहिवासी होऊन बसला होता!

मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसला होता. त्याला आत बोलावले. विचारले, "कोणतं काम करशील?" म्हणाला, "कोणतंही." "येतं काय काय?" तो वडिलांच्या तोंडाकडे बघू लागला. मी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणालो, "बरं, स्वतःच्या हातानं चार ओळी लिही." पोरगा दहा मिनिटे पेन धरून बसला. शेवटी म्हणाला, "सर, अर्ज कसा लिहायचा हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मी हसलो नाही. कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो. कृषी पदविकेचा कागद एका हातात आणि गावच्या पुढाऱ्याची चिठ्ठी दुसऱ्या हातात. चिठ्ठीने काम झाले, हंगामी स्लिपबॉय म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात आमच्या जुन्या शेतकी ओव्हरसियरनी मला एका फडाच्या बांधावर उभे केले आणि विचारले, "सांग, एकरी किती टन निघंल?" मला सांगता येईना. तोडणीवाले हसले, शेतमालकही हसला. मग त्यांनीच शिकवले. गुंठ्यातले ऊस मोज. गुंठ्याला हजार ऊस आणि उसाला किलोभर वजन धरले तर एकरी चाळीस टन. एवढा साधा हिशेब! पदविका होती, पण फडात उतरून ऊस मोजला नव्हता. त्या दिवशी एक गोष्ट कळली. चिठ्ठी माणसाला फाटकापर्यंत आणते. पुढे हुन्नरच लागतो.

सभासद मला म्हणतात, "शिकून काय उपयोग? वशिल्याशिवाय पान हलत नाही." वशिला नाहीच, असे मी म्हणणार नाही. मी स्वतःच चिठ्ठीवर लागलेला माणूस. पण दिवस बदलले आहेत. मी लागलो तेव्हा नोंदी, पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या सारे हाताने लिहावे लागे आणि त्याला माणसे लागत. आज नोंद मोबाईलवर होते, काट्याची पावती संगणकातून निघते. अलीकडे हंगाम चार महिनेसुद्धा धड चालत नाही. 'मिळेल ते काम' करणाऱ्याला द्यायला कामच उरलेले नाही. आणि जिथे माणूस लागतो, तिथे चिठ्ठी चालत नाही. बॉयलर कुणाच्याही भाच्या-पुतण्याच्या हाती देता येत नाही. त्याला सरकारच्या बाष्पके खात्याची परीक्षा देऊन मिळवलेले प्रमाणपत्रच लागते. प्रयोगशाळेत रसाची पोल-ब्रिक्स काढणारा माणूस रसायनशास्त्र शिकलेलाच हवा. ऊसतोडणीचे यंत्र कोटीच्या घरातले. ते चालवणारा मिळत नाही म्हणून मालक गावोगाव विचारत फिरतात. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. आसवनी प्रकल्पांना जाणती माणसे लागतात. ती कुठून येणार? आपल्या घरातून का येऊ नयेत?

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ऊस उत्पादकांनीच १९७५ साली उभी केलेली ही संस्था साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालवते. आपल्या संस्थेचे फाटक आपल्यापैकी किती जणांच्या मुलांनी पाहिले आहे? बेणे आणायला आपण तिथवर जातो, मग मुलाला घेऊन का जाऊ नये?

आता स्पर्धा परीक्षेविषयी. आपल्या भागातली कितीतरी मुले पुण्यात खोल्या घेऊन अभ्यास करतात. काही अधिकारी होतात आणि आपण त्यांच्या मिरवणुका काढतो. ते योग्यच आहे. पण जे होत नाहीत त्यांचे काय? खुल्या गटातल्या मुलालाही वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत राज्यसेवेची परीक्षा देता येते. ही सवलत आहे खरी, पण तिचाच गळफास होतो. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असे म्हणत उसाच्या बिलातून दरमहा पैसे जात राहतात. पोरगा तिशी ओलांडतो आणि गावी यायला लाजतो. मी उसातला माणूस, उसाच्या भाषेत सांगतो. लागण चांगली, पहिला खोडवा चांगला, निगा ठेवली तर दुसराही परवडतो. पण तुटाळ पडलेला चौथा-पाचवा खोडवा आपण केवळ सवयीने ठेवतो. तेव्हा नांगर घालायला धीर लागतो. परीक्षेचेही तसेच आहे. किती वर्षे द्यायची हे बापलेकांनी पहिल्याच दिवशी बसून ठरवावे. तीन म्हणजे तीन. आणि पुढचा रस्ता आधीच पाहून ठेवावा, म्हणजे परत येताना मान खाली घालावी लागणार नाही.

तेव्हा करावे काय? मला सुचते ते असे.

१) तयारी निकालानंतर नव्हे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू करावी. जमीन नांगरल्याशिवाय सरी पडत नाही. कुठल्या नोकऱ्या निघतात, त्यांना काय लागते, याची वही मुलाने स्वतः ठेवावी.

२) अर्ज स्वतः लिहावा. काय शिकलो, काय काम केले, काय येते, हे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत एका पानात मांडता आले पाहिजे. राज्यसेवेची मुख्य परीक्षासुद्धा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली आहे. तेव्हा लिहिण्यातून सुटका कुणाचीच नाही.

३) सुट्टीत एक तरी काम करावे. ठिबकचे दुकान, गॅरेज, माती परीक्षण केंद्र, सोसायटीचे दप्तर, काहीही चालेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही वाट दाखवली, ती काही गरिबांपुरती नव्हती. पाच एकर बागाईत असलेल्याच्या मुलालाही दुसऱ्याच्या हाताखाली काम करण्याची सवय हवी.

४) आय.टी.आय. झालेल्या मुलांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांत विद्यावेतनावर शिकता येते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर साध्या पदवीधरांनाही हा दरवाजा उघडला आहे. याची चौकशी करावी.

५) मुलींना विसरू नये. माझ्याकडे येणारे अर्ज बहुतेक मुलांचेच असतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी घरात असते आणि बाप अर्ज आणतो तो बारावी नापास मुलाचा! प्रयोगशाळेला मुलगा-मुलगी कळत नाही.

६) शेवटचे, आणि हे वडीलधाऱ्यांसाठी. चार एकरांत दोन भाऊ भागतील का, हा हिशेब मुलांसमोर मांडावा. शेअर, पाण्याची पाळी, सोसायटीचे कर्ज, सारे सांगावे. शेतीत राहायचे असेल तर तीही तयारीने करायची नोकरीच आहे. 'कुठे काही जमले नाही म्हणून शेती' असे घरात बोलू नये. ज्या कामाने घर चालते, त्यालाच आपण शिक्षा ठरवतो.

व्यवस्थापनाकडेही नम्र विनंती आहे. मी कारखान्याचा नोकर आहे, लहान तोंडी मोठा घास होतो हे जाणतो. तरी लिहितो. कोणती जागा रिकामी आहे, तिला कोणते शिक्षण लागते, हे प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावावे. बिगर हंगामात सभासदांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींना महिनाभर प्रयोगशाळा, वर्कशॉप आणि शेतकी खात्यात फिरवून काम दाखवावे. पगार नको, पण काम कळेल. फळ्यावर माहिती लागली की आमच्या टेबलावर चिठ्ठ्याही कमी येतील.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगून थांबतो. त्याने अर्ज चार वेळा लिहिला. चौथा चांगला उतरला, पण कारखान्यात जागा नव्हती ती नव्हतीच. तो अर्ज घेऊन तालुक्याच्या ठिबकच्या दुकानात गेला. तिथे आधी नळ्या मोजल्या, आता शेतात जाऊन आराखडा काढतो. महिन्याला पगार घरी आणतो. आबा मात्र अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत. परवा काट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "पोरगं लागलं खरं साहेब, पण कारखान्यात असतं तर बरं दिसलं असतं."

मी काही बोललो नाही. पण माझा माणूस आत शिरला नाही याचे दुःख आबांना होते. त्यांचा मुलगा स्वतःच्या पायावर बाहेर उभा आहे, याचे समाधान मला होते. दोन्हींत कोणते बरे, हे सभासदांनीच ठरवावे.



आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी