घड्याळजीचीं जुनीं हत्यारें

घड्याळजीचा धंदा बुडाला, असें म्हणण्याची अलीकडे चाल पडली आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानांतील सेको कारखान्यानें क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ टोकियोंत विक्रीस काढलें, आणि पुढें किल्लीच्या घड्याळांचें राज्य ओसरत गेलें, हें खरें. आपल्याकडे १९६१ सालीं बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें एचएमटीचीं घड्याळें होऊं लागलीं. ती घड्याळ-कंपनीहि बंद करण्याचें २०१६ सालीं सरकारनें ठरविलें. तथापि तिचीं किल्लीचीं घड्याळें आजहि कितीएक घरीं कपाटांत पडून आहेत, आणि वडिलांची वा आजोबांची आठवण म्हणून तीं दुरुस्त करून वापरूं इच्छिणारे लोकहि आहेत. उणीव आहे ती दुरुस्त करणाऱ्या हातांची. म्हणून एखाद्या मुलानें हें काम शिकण्याची इच्छा दर्शविली, तर आईबापांनीं त्यास हंसूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शिकणाऱ्यापुढें पहिली अडचण हत्यारांची. स्वित्झर्लंडांत होणारीं नवीं हत्यारें उत्कृष्ट खरीं. परंतु त्यांच्या किंमती ऐकून सामान्य गृहस्थ तो विचारच सोडून देतो. स्वस्त नकला मिळतात, पण त्यांचें पोलाद मऊ निघालें म्हणजे टोंकें वांकतात आणि शिकणाऱ्याचा धीर खचतो. जुनें चांगलें हत्यार घेणें हाच ह्यावर उपाय. कारण जपून वापरलेलें उत्तम पोलाद एका माणसाच्या आयुष्यांत सहसा झिजत नाहीं.

तीं हत्यारें मिळवावीं कोठून? लोक प्रथम मुंबईच्या चोर बाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत धांवतात. तेथें माल दिसतो, पण बहुधा फुटकळ. एका वस्तूचे भाग दोन दुकानीं विखुरलेले. आमच्या मतें शोध आपल्याच गांवांत करावा. ज्या दुकानाची पाटी अजून लटकत आहे पण दार बहुधा बंद असतें, त्या दुकानाच्या वृद्ध मालकाकडे जावें. त्याजकडून हत्यार तर मिळतेंच, शिवाय तें धरावें कसें हेंहि कळतें.

पहिली खरेदी लेथची मात्र करूं नये. हौशी मनुष्य नेमका हाच अपराध करतो. डोळ्यास लावावयाचें भिंग, दोनतीन चिमटे आणि पेचकसांचा एक संच, एवढ्यावर पुष्कळ दिवस अभ्यास होतो. पेचकस खुशाल जुने घ्यावे. पातें बोथट झालें तरी दगडावर घांसून पुन्हा घडवितां येतें. चिमटा उजेडासमोर धरून हलकेच दाबावा; त्याचीं टोंकेंच आधीं मिळालीं पाहिजेत. त्यास बारीक स्क्रू चिकटून राहात असेल, तर त्यांत चुंबकत्व शिरलें आहे. तें काढतां येतें, म्हणून तेवढ्यावरून माल नाकारूं नये.

स्टेकिंग सेट म्हणजे एक उभी चौकट, तिच्या तळाशीं भोकें पाडलेली फिरती ऐरण, आणि लांकडी पेटींत ओळीनें मांडलेले पोलादी पंच. चाक आंसावर घट्ट बसविण्याचें काम ह्यावर होतें. पेटींतील रिकामीं भोकें आधीं मोजावीं. मग एक पंच चौकटींत सोडावा. तो स्वतःच्या वजनानें अलगद खालीं उतरला पाहिजे, परंतु हालविला असतां डुलतां कामा नये. डुलला, तर पंच सगळे जागच्या जागीं असूनहि तें हत्यार व्यर्थ होय.

लेथ घेण्याची वेळ आलीच, तर नांवावर भाळूं नये. बोली, लॉर्च हीं जर्मन नांवें मोठीं. पण डोक्याकडील व शेपटाकडील टोंकें समोरासमोर आणून टोंकास टोंक भिडतें कीं नाहीं, तें पाहावें. आंस पकडणारी जी चिरलेली पोलादी नळी, तिला कॉलेट म्हणतात. कांहीं लेथांस ६ मिलिमीटरचे कॉलेट लागतात, कांहींस ८ मिलिमीटरचे; आणि जाडी जुळली तरी आटे जुळतीलच असा नेम नाहीं. कॉलेट नसलेला लेथ फुकट मिळाला तरी महागच समजावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही लेखणी उचलली, तिजकडे वळूं. घड्याळजी वारल्यावर घरच्या मंडळींस त्याची पेटी म्हणजे गंजक्या खिळ्यांचा डबा वाटते. जाणता ग्राहक येतो, चेहऱ्यावर कांहीं न दाखवितां मोडीच्या भावानें ती उचलतो, आणि पुढें मित्रमंडळींत त्या सौद्याची फुशारकी मारतो. कोणी म्हणेल, व्यापार असाच चालावयाचा. विकणाऱ्यानें चौकशी करावी. दुकानदाराशीं घासाघीस करण्यास आमची ना नाहीं. तो आपल्या मालाचा भाव जाणतो. परंतु ज्या पेटीवर नवऱ्यानें जन्मभर संसार चालविला, तिचें मोल त्या बाईस ठाऊक नाहीं आणि आपणांस आहे, अशा वेळीं गप्प बसणें ही निव्वळ लबाडी होय. ह्या वस्तू कोणत्या, बाजारांत कितीला जातात, हें तिला सांगावें. आपली ऐपत नसेल तर तेंहि सांगावें. कदाचित् किंमत ऐकून ती विकण्याचें रहित करील. करूं द्यावें. आणि विकलीच, तर साधेल तों पेटी सबंध घ्यावी. चांगलें तेवढें निवडून नेलें, कीं उरलेलें भंगारांत जातें.

पेटीबरोबर जुन्या बाटल्या आणि डब्याहि येतात, त्यांविषयीं पालकांस चार शब्द. चिठ्ठी नसलेल्या बाटलीचा वास घेऊं नये. काळवंडलेले भाग उजळण्यास पूर्वीं कांहीं घड्याळजी सायनाइडसारखें जहाल विष वापरीत. अंधारांत चकाकणारे जुने काटे व तबकड्या यांच्या रंगांत १९६० च्या सुमारापर्यंत रेडियम घालीत. चकाकी गेली तरी त्याचे किरण जात नाहींत. रेडियम निम्में होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. असे भाग मुलांनीं खरवडूं नयेत, त्यांवरील धूळ फुंकूं नये. तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. राहिलें तेल. जुनें तेल कितीहि स्वच्छ दिसलें तरी तें वापरूं नये. घड्याळाचें तेल तेवढें नवें आणि सीलबंदच घ्यावें.