विश्लेषण : स्टेटस, फॉरवर्ड आणि ग्रुप ॲडमिन… विद्यार्थी कायद्याच्या कचाट्यात कधी सापडतो?

महाविद्यालयात प्रवेश झाला, की ओळखपत्र हाती पडण्याआधीच विद्यार्थी तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दाखल झालेला असतो. वर्गाचा एक, वसतिगृहाचा एक, पोलीस भरतीचा सराव करणाऱ्यांचा एक, शिवाय गावाकडचा. ओटीपी कोणाला सांगू नये, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. याच ग्रुपवर आपण स्वतः काय टाकतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गेल्या काही वर्षांत स्टेटस आणि ग्रुप ॲडमिन या दोन्हींबाबत महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. वर्धा जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

पुण्याच्या प्रकरणात काय घडले?

‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले त्या ७ मे २०२५ रोजी पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट पुन्हा शेअर केली. धमक्या येऊ लागल्या तशी तिने दोनेक तासांत ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरीही ९ मे रोजी महाविद्यालयाने तिला काढून टाकले आणि पोलिसांनी अटक केली. उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारलाही खडे बोल सुनावले. विद्यार्थिनीला बाजू मांडण्याची संधी न देता झालेली कारवाई न्यायालयाला पटली नाही. पण तोवर परीक्षा सुरू झाली होती. पोस्ट जेमतेम दोन तास टिकली आणि कोठडी अडीच आठवडे चालली.

घाईत बडगा उगारायचा आणि मग मागे घ्यायचा, हे वर्ध्यालाही नवे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने पंतप्रधानांना पत्र लिहिण्याच्या कार्यक्रमावरून सहा विद्यार्थ्यांना निवडणूक आचारसंहितेचे कारण देत निष्कासित केले आणि चार-पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ते प्रकरण ऑनलाइन मजकुराचे नव्हते; पण शिक्षणसंस्था किती लवकर हात झटकते, हे त्यातून दिसले.

स्टेटस खासगी असते का?

‘माझे स्टेटस माझ्याच लोकांना दिसते, तेही २४ तास,’ हा बचाव नागपूर खंडपीठापुढे जुलै २०२३ मध्ये आला होता. प्रकरण अकोला जिल्ह्यातील २७ वर्षांच्या तरुणाचे. त्याने स्टेटसवर एक प्रश्न टाकून तो गुगलवर शोधून पाहा, धक्का बसेल, असे सुचवले होते. ज्याने शोधले त्याला एका समाजाच्या धार्मिक भावना दुखावणारा मजकूर दिसला आणि त्याने पोलीस ठाणे गाठले. गुन्हा रद्द करण्यास खंडपीठाने नकार दिला. स्टेटस ठेवण्याचा हेतूच ओळखीच्यांपर्यंत काहीतरी पोहोचवण्याचा असतो आणि लोक ते उत्सुकतेने पाहत असतात. त्यामुळे मोजक्यांनाच दिसत होते असे म्हणून जबाबदारी झटकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यातली मेख अशी, की त्या तरुणाने आक्षेपार्ह मजकूर स्वतः लिहिलेलाही नव्हता, नुसता रस्ता दाखवला होता.

याचा अर्थ टीका करणे गुन्हा ठरते असा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने काश्मीरचा विशेष दर्जा काढल्याच्या दिवसाला ‘काळा दिवस’ म्हणणारे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे स्टेटस ठेवले होते. त्याच्यावर २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे. मजकुराचा परिणाम मोजताना कुठल्याही गोष्टीने बिथरणारा माणूस नव्हे, तर शहाणासुरता माणूस डोळ्यांपुढे ठेवावा, असे न्यायालयाने सांगितले. निर्णयावर बोलणे आणि एखाद्या जाती-धर्माच्या लोकांवर बोलणे यातली ही सीमा आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात स्टेटसवरूनच दंगल पेटली आणि इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत अल्पवयीन मुलेही होती.

ग्रुपवर कोणी काही टाकले तर ॲडमिन दोषी?

वर्गप्रतिनिधीला पडणारा हा नेहमीचा प्रश्न. गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी त्याचे उत्तर दिले आहे. एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. ॲडमिनने त्याला ना काढले, ना माफी मागायला लावली, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. ॲडमिनला सदस्य घेता आणि काढता येतात, पण मजकूर येण्याआधी तो तपासता येत नाही. त्यामुळे दोघांचा संगनमताचा हेतू दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा हा निकाल आहे.

निकाल आजही उपयोगाचा आहे, पण त्यानंतर एक गोष्ट बदलली. २०२२ पासून व्हॉट्सॲपने ॲडमिनला ग्रुपमधील कोणाचाही मेसेज सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय दिली. ‘माझ्या हातात काही नव्हते’ हे उत्तर आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पन्नास-पन्नास जणांना ॲडमिन करून ठेवण्याची जी हौस असते, तिच्याकडे या नजरेने पाहिलेले बरे.

न वाचता फॉरवर्ड केले, तर?

तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांविषयीची अपमानास्पद पोस्ट शेअर केली होती. डोळ्यांत औषध घातल्याने मजकूर वाचता आला नाही, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलासा दिला नाही. समाजमाध्यम वापरायचे तर त्याच्या परिणामांना सामोरे जाण्याची तयारीही हवी, असे सुनावले. मद्रास उच्च न्यायालयाने तर आधीच, म्हणजे २०१८ मध्ये, फॉरवर्ड करणे म्हणजे तो मजकूर मान्य करणेच, असे म्हटले होते. ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड’ या तीन शब्दांना कायद्यात कुठे सूट नाही.

गुन्हा नोंदला तर पुढे काय?

खरा फटका इथे आहे. समाजात तेढ पसरवल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ लागले, तर एरवी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक विद्यार्थ्यांचे नुकसान शिक्षेआधीच होते. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलांना भरतीनंतर चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायचा असतो. त्यात प्रलंबित गुन्ह्याची माहिती द्यावी लागते. ती दडवली, तर दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात याबाबतचे निकष घालून दिले. किरकोळ प्रकरणाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्याला आहे, पण ती त्याच्या मर्जीवर. पारपत्र कायद्यानुसार न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असल्यास पारपत्रही नाकारता येते.

दुसरीकडे, विद्यार्थ्याच्या बाजूनेही कायद्यात काही तरतुदी आहेत आणि पालकांना त्या सहसा ठाऊक नसतात. तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मजकुराशी संबंधित प्रकरणात गुन्हा नोंदण्याआधी ती करणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने इम्रान प्रतापगढी प्रकरणात मार्च २०२५ मध्ये म्हटले. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता हजर राहण्याची नोटीस देण्याचीही तरतूद आहे. अशी नोटीस आली, तर फोन ‘रिसेट’ करण्याचा सल्ला मित्र हमखास देतात. तो ऐकू नये. पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक आरोप ओढवतो.

बारावीच्या एकाच बाकावर सतरा आणि अठरा वर्षांची दोन मुले बसतात. दोघांनी तोच मेसेज पुढे ढकलला, तर सतरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याचा पुढच्या आयुष्यात अडथळा होऊ नये याची काळजी कायदाच घेतो. अठरा पूर्ण झालेल्याला हे संरक्षण नाही.

ज्युनिअरांचा ग्रुप हे रॅगिंग?

सेवाग्राम आणि सावंगी ही वैद्यकीय शिक्षणाची मोठी केंद्रे याच जिल्ह्यात आहेत, म्हणून हा मुद्दा. सीनिअरांनी नव्या मुलांना अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओढून मानसिक त्रास देणे हेही रॅगिंगच मानावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना बजावले. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक देशभर चालतो.

आपल्यालाच त्रास झाला, तर?

कोणी फोटोत फेरफार करून पसरवला किंवा धमकावले, की मुले, विशेषतः मुली, भीतीपोटी आधी चॅट डिलीट करतात आणि नंतर घरी सांगतात. क्रम उलटा हवा. क्रमांक, खात्याचे नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, लिंक जपून ठेवावी, मगच ब्लॉक करावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते. आणि असा फोटो ‘सावध राहा’ म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये. त्यातली मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर तो पुढे पाठवणे हाच स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे.